जाता जाता फॉल्स सीलिंग

नगरचा मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात दोनदा घरावर हात सैल सोडतो. एकदा वास्तुशांतीला आणि एकदा घर विकताना. मधली तीस वर्षं तो टपकत्या नळाखाली बादली ठेवतो आणि ते पाणी कुंड्यांना घालून जलसंधारण केल्याच्या थाटात पेपर वाचत बसतो. बायको म्हणते, वॉशर बदलून घ्या. तो म्हणतो, बघू. न्हाणीच्या पलीकडच्या भिंतीला लोणा लागतो, पोपडे निघतात. तिथे पतसंस्थेचं कॅलेंडर लागतं. ओल वर चढते, कॅलेंडरही वर चढतं. पुढे पुढे एकादशी कधी आहे ते बघायला घरातल्या म्हातारीला स्टुलावर उभं राहावं लागतं, पण प्लंबर काही येत नाही.

मग पोरगा पुण्यात खराडीला फ्लॅट घेतो. ‘बाबा, तुम्ही तिकडे एकटे काय करता?’ सुरू होतं. घर विकायचं ठरतं. आणि ज्या गृहस्थानं सख्ख्या बायकोसाठी दहा रुपयांचा वॉशर बदलला नाही, तो एका संपूर्ण अनोळखी माणसासाठी तीन लाखांचं फॉल्स सीलिंग करून घेतो. त्यागाची ही परंपरा आपल्या संतांच्याही लक्षात आली नसावी.

आमच्या गावाला याचा वारसा आहे म्हणा. निजामशाहीत फराहबागेचा महाल बांधून झाला, तो पसंत पडला नाही म्हणून पाडला आणि पुन्हा नव्यानं बांधून घेतला. 1583 मध्ये तो पुरा झाला. पण बांधून घेणारा सुलतान होता. त्याला महाल विकायचा नव्हता, आणि खजिना त्याचा नव्हता, रयतेचा होता. इथे सावेडीतला निवृत्त साहेब भविष्यनिर्वाह निधी मोडून सुलतानी करतो, तीही जाण्याच्या आदल्या महिन्यात.

असे एक साहेब मी जवळून पाहिले. चारचौघांसारखा बंगला, गच्चीचा उतार पहिल्यापासून चुकलेला, दिवाणखान्याच्या स्लॅबला भारताच्या नकाशाएवढा डाग. साहेबांनी गच्चीला हात लावला नाही. ‘गच्ची कोण बघतं?’ त्यांनी डागाखाली पीओपीचं छत टांगलं, त्यात निळे दिवे बसवले. पहिलं गिऱ्हाईक आलं ते केडगावचं होतं, मान वर करून म्हणालं, “काका, वर काय झाकलंय?” काका म्हणाले, “डेकोरेशन आहे.” “ते दिसतंय. झाकलंय काय?” मग त्या इसमानं खुर्चीवर चढून एक निळा दिवा अलगद खाली ओढला, भोकातून मोबाइलचा उजेड टाकला आणि तीन लाखांच्या सौंदर्यशास्त्राचा निकाल लावला. खाली उतरला तेव्हा त्यानं बोललेला आकडाही त्याच्याबरोबर उतरला होता. डाग उघडा असता तर तो गच्चीच्या कामाचे पैसे कापून गप्प बसला असता. आता त्याला अख्ख्या घराचा संशय आला. काकांनी एवढं झाकलंय, तर न झाकलेलं काय असेल?

यातली खरी गंमत कायद्याची आहे, आणि ती त्या साहेबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण त्यांना रक्तदाब आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882. कलम 55. विकणाऱ्यानं मालमत्तेतला किंवा हक्कातला असा मोठा दोष घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे, जो स्वतःला माहीत आहे, पण घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊन सापडणार नाही. न सांगणं हा कपटाचा प्रकार धरला जातो. आता बघा. उघड्या स्लॅबवरचा नकाशाएवढा डाग कुणालाही दिसतो. तो सांगण्याची सक्ती नाही. समोरच्याला डोळे आहेत. पण त्यावर पीओपी ठोकलं की तोच दोष साध्या काळजीनं न सापडणारा होतो. म्हणजे साहेबांनी तीन लाख खर्चून एका निरुपद्रवी डागाला कपटाचा दर्जा मिळवून दिला. इंग्रज गेले, पण 1882 मध्ये कुणीतरी सावेडीच्या काकांचा विचार करून ठेवला होता.

हे सल्ले देतं कोण? पेंटरला विचारा, तो म्हणतो रंग. फर्निचरवाला म्हणतो, किचन ट्रॉली. वास्तुवाला म्हणतो, संडास चुकीच्या कोपऱ्यात आहे, म्हणूनच गिऱ्हाईक टिकत नाही. ज्या संडासाच्या आशीर्वादानं या घरातली दोन पोरं इंजिनिअर झाली, तो एका रात्रीत घातकी ठरतो आणि फोडला जातो. एक संडास कमी झालेलं घर महाग कसं विकलं जाईल, हा प्रश्न अध्यात्मात बसत नाही. मेहुणे म्हणतात, मेन डोअर बदला, पहिलं इंप्रेशन महत्त्वाचं. मग जुन्या सागवानी दाराच्या जागी यंत्रावर कोरलेल्या गणपतीचं दार येतं आणि चौकट मात्र वाळवी लागलेली तशीच राहते. नाकापेक्षा मोती जड, तोही भुसा होत चाललेल्या नाकात.

मेहुण्यांना ही अक्कल कुठून येते? अमेरिकेतून. तिकडे दरवर्षी कोणत्या दुरुस्तीवर किती पैसे परत मिळतात याचा मोठा अहवाल निघतो, आणि त्याचा चोथा आपल्याकडे तीस सेकंदांच्या व्हिडिओतून मेहुण्यांपर्यंत पोचतो. 2024 च्या त्या अहवालात पहिला नंबर कुणाचा होता? गॅरेजच्या दाराचा. ते बदललं की खर्चाच्या जवळपास दुप्पट किंमत घरात वाढते म्हणे. आता बोल्हेगावात गॅरेज म्हणजे पत्र्याचा आडोसा, त्यात एक स्कूटर, एक मोडका कूलर आणि गेल्या गणपतीचं मखर. दार कशाला लावू? गंमत अशी की त्याच अहवालात भपकेबाज स्वयंपाकघरावर घातलेल्या पैशांचा निम्माही परत येत नाही. पण हा भाग व्हिडिओत नसतो, कारण व्हिडिओ ट्रॉलीवाल्याचा असतो.

एजंटांचं मला वाईट वाटत नाही, ते त्यांचं पोट भरतात. फक्त त्यांचं गणित ध्यानात ठेवावं. शिकागोच्या परिसरातल्या घरांच्या व्यवहारांवर स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी काम केलं, ते 2008 मध्ये छापून आलं. एजंट जेव्हा स्वतःचं घर विकतो तेव्हा ते साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि 3.7 टक्के जास्त किंमत काढतो. तुमचं विकताना मात्र घाई. का नाही करणार? तुम्हाला लाखभर जास्त मिळाले तर त्याच्या खिशात हजार-दोन हजार पडणार. त्यासाठी तो आणखी दहा गिऱ्हाइकं फिरवील का? तेव्हा एजंट ‘सर, जरा रंगसफेदी करून घ्या’ म्हणतो, त्याचा अर्थ, तुमच्या पैशानं माझं काम सोपं करा. यात पाप नाही. पण याला सल्ला म्हणू नये.

मुळात एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. समोरचा घर घेतोय की जागा?

गुलमोहर रोडला, प्रोफेसर कॉलनीच्या बाजूला ऐंशीच्या दशकातले बैठे बंगले आहेत. विटांच्या भिंतींवर उभे, पुढे पोर्च, मागे हौद, कडेला रामफळाचं झाड. हे घेणारा कोण असतो? डॉक्टर, नाहीतर बिल्डर. एकाला दवाखाना पाहिजे, दुसऱ्याला चार मजले. दोघेही घरात येतात, चहा घेतात, तुमच्या नव्या टाइल्सवरून चालत जातात आणि मनातल्या मनात जेसीबी कुठल्या बाजूनं आत घालायचा ते ठरवतात. टाइल्स छान आहेत म्हणतात. संस्कार असतात लोकांवर. त्यांना फक्त रस्ता किती रुंद, प्लॉटची पुढची बाजू किती आणि हद्दीचे दगड जागेवर आहेत का एवढंच हवं असतं. अशा घराला लावलेला प्रत्येक रुपया जेसीबीच्या दातात जातो.

सरकारलाही हे कळतं, आणि सरकारला कळलं म्हणजे अवघड नसणार. रेडी रेकनर उघडून बघा. जमिनीचा दर वेगळा, बांधकामाचा वेगळा. बांधकामाला वयाप्रमाणे घसारा आहे. जमिनीला घसारा नाही. जुन्या बंगल्याचं मूल्यांकन करताना विटा-सिमेंटचा वाटा दरवर्षी झिजत जातो आणि मातीचा वाटा वाढत जातो. निळ्या दिव्यांसाठी त्या तक्त्यात रकाना सापडला तर मला कळवा.

राहायला येणारं गिऱ्हाईक वेगळं. ते फ्लॅटला येतं, केडगावच्या रो-हाऊसला येतं, कल्याण रोडच्या नव्या वस्तीत येतं. त्याच्यासाठी दुरुस्तीला अर्थ आहे. पण कुठल्या?

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कधी गेला असाल तर तुम्हाला उत्तर माहीत आहे. विकणारा बैलाची शिंगं रंगवून आणतो, गोंडे बांधतो, पाठीवर झूल टाकतो. घेणारा येतो, शिंगांकडे ढुंकूनही बघत नाही. सरळ जबडा उघडतो आणि दात मोजतो. मग बैलाला चालवून बघतो. फार रंगवलेला बैल दिसला की दात दोनदा मोजतो. घराला गिऱ्हाईक येतं ते असंच. त्याची बायको तर बघायलाच नको. ती बोलणी सोडून सरळ न्हाणीत जाते आणि पलीकडच्या भिंतीला हात लावते. तिचा बाप जिन्यानं गच्चीवर जातो. ‘जरा हवा खातो’ म्हणतो, खातो तो कोबा. कुठं पोकळ वाजतो, पाणी जायचं तोंड कुठल्या कोपऱ्यात आहे, तिथे शेवाळ्याचा काळा पट्टा आहे का. तिचा भाऊ चौकटीवर बोटांनी टकटक करतो. कुणीतरी सगळे नळ एकदम सोडतं. घरातल्या चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असला की चौघेही न बोलता त्या भिंतीकडे बघतात. चोराच्या मनात चांदणं असतं, पण गिऱ्हाइकाच्या हातात टॉर्च असतो.

याच व्यवहारावर जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये एक निबंध लिहिला. जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्या खोडीच्या धरून भाव पाडतो आणि चांगली गाडीवाला बिचारा बाजारातूनच उठून जातो. या विचाराला 2001 मध्ये नोबेलचा मान मिळाला. घोडेगावात तो दर शुक्रवारी फुकट मिळाला असता, पण तिथे इंग्रजीत लिहून द्यायला कुणी बसत नाही. आपल्या कामाचा भाग एवढाच: घेणाऱ्याला दोष दिसल्यानं भाव जितका पडतो, त्याहून जास्त दोष लपवल्याच्या वासानं पडतो. म्हणजे ज्या दुरुस्तीनं शंका फिटते ती करावी. ज्या दुरुस्तीनं शंका येते तिला दुरुस्ती म्हणूच नये.

शंका पाण्याची असते. जवळजवळ सगळी पाण्याचीच. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मूड असेल तर. म्हणून नगरकराची गच्चीविषयी एक खास श्रद्धा आहे: पाऊस थांबला की गळती बरी होते. जूनमध्ये घमेलं ठेवायचं, ऑगस्टमध्ये उचलायचं, सप्टेंबरच्या परतीच्या पावसात पुन्हा ठेवायचं आणि दसऱ्याला विसरून जायचं. वर्षातले दहा-बारा दिवस गळणाऱ्या छताला तो गळकं म्हणतच नाही. घेणारा मात्र म्हणतो. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर पहिले गच्चीत घाला. जुना उखडलेला कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, उतार पाणी जायच्या तोंडाकडे, कडेला गोलटा, तोंडाची जाळी मोकळी. हे उन्हाळ्यात करायचं आणि गिऱ्हाईक पावसाळ्यात बोलवायचं. भर पावसात, छत्री घेऊन. कोरड्या स्लॅबखाली उभं राहून चहा दिला की चार लाखांच्या इंटिरिअरची बरोबरी होते. आमचे शहाणे नेमके उलट करतात. पाऊस संपल्यावर रंग काढतात आणि उन्हाळ्यात घर दाखवतात, म्हणजे कुणाला काही कळू नये. समोरचाही नगरचाच असतो हो. त्याच्या घरातही घमेलं आहे.

दुसरी ओल न्हाणीची. आतला पाइप गळत असेल तर टाइल फोडून पाइप बदला. पुट्टी नको. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला की आतला क्षार बाहेर येतो, रंगाला फोड येतात आणि इसार ते खरेदीखत या दोन महिन्यांत भिंत तुमच्याविरुद्ध साक्ष देते. स्लॅबच्या खालून गिलावा पडून गंजकी सळई दिसत असेल तर तिथेही तेच. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं सिमेंट ढकलून देतं. त्यावर नुसता गिलावा थापला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा खाली येईल, बहुधा नव्या मालकाच्या डोक्यावर. गंज घासून, सळईला लेप देऊन मग भरायचं. हे काम चार दिवसांचं आहे, फोटो काढण्यासारखं नाही, म्हणून कुणी करत नाही.

भेगांवरून लोक उगीच घाबरतात आणि उगीच निर्धास्तही राहतात. गिलाव्यातली केसाएवढी भेग सोडून द्या. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, बोट जाईल अशी, उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग असेल आणि पाया काळ्या मातीत असेल, तर ती माती फुगते-आक्रसते त्याची ती नोंद आहे. इंजिनिअरला दाखवा, त्याचं म्हणणं कागदावर घ्या आणि तो कागद गिऱ्हाइकापुढे ठेवा. झाकली तर कलम 55 आहेच.

उघड्या वायरी, अर्थिंग, एमसीबी. करा. टपकणारे नळ. करा, तीस वर्षांनी का होईना; बायकोला आधी बाहेर पाठवा, नाहीतर ती रडेल. गटाराचा वास. आधी करा. हौद उपसून धुऊन घ्या, कारण या शहरात नळाला पाणी रोज येईल अशी आशा घेऊन कुणी घर घेत नाही. किती साठतं हे विचारूनच घेतो. आणि माळा रिकामा करा. मोडके पंखे, 1990 सालची दिवाळी अंकांची गठडी, मुलाचा पांगुळगाडा. घर मोठं दिसण्याचा हा एकमेव उपाय आहे ज्याचे भंगारवाला उलट तुम्हाला पैसे देतो. हे सगळं झाल्यावर, भिंती सुकल्यावर, साध्या फिकट रंगाचा एक हात. जांभळी ‘फीचर वॉल’ नको. तुमच्या भावजयीला आवडली होती, गिऱ्हाइकाला भावजय वेगळी आहे.

माळीवाड्यातल्या किंवा चितळे रोडच्या मागच्या जुन्या वाड्यांविषयी फार बोलत नाही. तिथे माळवदावर पांढरी माती घालायला माणूस मिळत नाही, वाड्यात सात खोल्या आणि पाच भाडेकरू, भाडं असं की त्यात आज एक मिसळ येत नाही. मालक दर्शनी भिंतीला ऑइलपेंट लावतो. अरे बाबा, घेणारा भिंत मोजत नाही, भाडेकरू मोजतो. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा ऑइलपेंटनं झाकला जात नाही.

आता ज्या दुरुस्तीला प्लंबर लागत नाही तिच्याकडे येऊ. कारण नगरमध्ये घरं गळतीनं अडत नाहीत, कागदानं अडतात. तीन लाखांचं छत करणाऱ्या साहेबांचं प्रॉपर्टी कार्ड मागा. त्यावर आजोबा असतात. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, वारसनोंद झालेली नाही. वरच्या मजल्यावरची खोली थोरल्याच्या लग्नाच्या आधी घाईत चढवलेली, परवानगी नाही. तळमजल्याची परवानगी आहे, पण ती नगरपालिकेच्या काळातली, महापालिका 2003 मध्ये झाली तेव्हा ती ट्रंकेत होती, आता ट्रंक कुठे आहे कुणाला ठाऊक? पतसंस्थेचं कर्ज पंधरा वर्षांपूर्वी फिटलं, पण बोजा अजून उताऱ्यावर बसलेला. घरपट्टी थकलेली. तिच्यावर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, आणि साहेब शास्तीमाफीची वाट बघत आहेत. एवढ्या निष्ठेनं लोक वारीची वाट बघत नाहीत. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर तो नियमित करून घ्यायला 2001 चा कायदा होता, 2021 मध्ये त्याची मुदतरेषा 2020 च्या डिसेंबरअखेरपर्यंत पुढे आणली. तोही अर्ज केलेला नाही. ‘बघू.’

आणि बहिणी. हा विषय निघाला की पुरुषमंडळी गच्चीवर हवा खायला जातात. जुन्या खतात गावाचं नाव अहमदनगर आहे आणि 2024 पासून ते अहिल्यानगर झालंय, याचं काहींना भारी टेन्शन. काही होत नाही, वकील आणि बँक ते समजून घेतात. बहिणीची सही नसली तर समजून घेत नाहीत. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क 1994 मध्ये दिला, दिल्लीला ते 2005 मध्ये सुचलं, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या शंका पुसल्या. पण आमच्या साहेबांच्या मते ताई ‘काही मागणार नाही’. ताईला विचारलंय का? नाही. ताईला भाऊबीजेला साडी, छताला तीन लाख. मग बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट येतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापली जाते, आणि ताईचे जावई सकाळी चहा पिता पिता ती वाचतात. तिथून पुढे ज्या काही वाटाघाटी होतात त्यांच्यात निळ्या दिव्यांचा उल्लेख फक्त एकदा येतो. ‘दादाकडे छताला पैसे होते म्हणे.’

वारसनोंद, हक्कसोडपत्र किंवा ताईचा वाटा देऊन घेतलेली सही, बोजा उतरवणं, घरपट्टी भरल्याची पावती. यात गेलेला पैसा पुरता परत येतो, कारण हे नसेल तर घेणाऱ्याला कर्ज मिळत नाही, आणि कर्ज न मिळणारं घर फक्त रोखवाल्याला विकता येतं. रोखवाला किती भाव पाडतो ते एजंटला विचारा. इथे तो खरं सांगेल.

रोखीवरून आठवलं. याच साहेबांना व्यवहारातला निम्मा भाग ‘कॅश’मध्ये पाहिजे असतो. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढीच रक्कम दंड म्हणून जाऊ शकते, हे त्यांना माहीत आहे. पण माहीत असणं आणि घाबरणं यांचा नगरमध्ये संबंध नाही. बरं, घेतली. मग मार्चमध्ये हेच साहेब सीएकडे जातात आणि छाती पुढे काढून विचारतात, “घर विकायच्या आधी साडेचार लाख खर्च झालाय, तो नफ्यातून वजा होईल ना?” म्हणजे विक्री कमी दाखवायची आणि खर्च जास्त दाखवायचा. सीए चष्मा पुसतो. घरात खोली वाढवली, मजला चढवला तर तो सुधारणेचा खर्च धरता येतो, पावत्या असतील तर. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी सहसा धरत नाहीत. छताच्या सजावटीवर वाद घालायची सीएची तयारी असते, पण त्याची फी त्या छताहून जास्त होईल.

सीए बिचारा दुसरंच काही सांगत असतो. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा, काही हजारांचं काम. मग 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला महागाईचा निर्देशांक न लावता 12.5 टक्के किंवा निर्देशांक लावून 20 टक्के, यातला कमी बसेल तो कर. हा अहवाल करून घेणारा विक्रेता मला सावेडीत क्वचित भेटला आहे. अहवाल भिंतीवर लावता येत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही, त्यात दिवे लागत नाहीत. साहेब त्याच्याबद्दल ‘बघू’ म्हणाले आणि पिशवीतून पेंटरचा हिशेब काढला. सिगारेटच्या पाकिटामागे, पेन्सिलीनं, खाली सही म्हणून एक आडवी रेघ. सीएनं तो दोन बोटांनी उचलला आणि विचारलं, “जीएसटी नंबर?”